नवे पीपी साहेब आले तेव्हा : नागपुरातल्या एका सरकारी वकील कार्यालयाचा प्रकरण अभ्यास

मे महिना संपत आला होता, नवतपा लागला होता आणि कोर्टाला उन्हाळी सुटी होती. सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यांवर दुपारी माणूस दिसत नव्हता. आमच्या कार्यालयात मोठे बाबू म्हणजे मुख्य कारकून, एक शिपाई आणि खसच्या ताट्यांचा कूलर एवढेच हजर होते. त्या दुपारी मुंबईहून आदेश निघाला आणि बाबूंच्या टेबलावर येण्याआधी वकिलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोहोचला. मुख्य सरकारी वकिलांच्या, म्हणजे पब्लिक प्रॉसिक्यूटर किंवा "पीपी" साहेबांच्या, जागी नवी नेमणूक झाली होती. संध्याकाळपर्यंत मला अकरा सहकाऱ्यांचे फोन येऊन गेले. अकराही जणांचा प्रश्न एकच होता, "मॅडम, आता आपलं काय?"

मी तेव्हा त्या कार्यालयात नऊ वर्षे अतिरिक्त सरकारी वकील होते. माझ्यासह आम्ही बारा जण सत्र न्यायालयांत खटले चालवत होतो. पुढच्या सहा आठवड्यांत बारांपैकी आठ गेले. मी राहिले, म्हणून पुढचे सगळे मला जवळून पाहता आले. तेच इथे लिहिते आहे. कार्यालयाचे नाव, साल आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, काही ठिकाणी बदलले आहेत. नवे साहेब वाईट नव्हते, जुनेही नव्हते. तरीही त्या उन्हाळ्यात एका बाईची साक्ष बिघडली आणि ती का बिघडली हे समजायला मला बरेच महिने लागले.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बाहेरच्या माणसाला "सरकारी वकील" ही एकच नोकरी वाटते. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात उभे राहणारे सहायक सरकारी अभियोक्ता स्पर्धा परीक्षा देऊन येतात. ते पगारी असतात, त्यांची बदली होते आणि ते अभियोग संचालनालयाखाली काम करतात. हे अभियोक्ते पोलिसांच्या हाताखाली नसावेत, त्यांचे वेगळे केडर असावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली महाराष्ट्राच्याच प्रकरणात, एस. बी. शहाणे खटल्यात, सांगितले. सत्र न्यायालयाची गोष्ट वेगळी आहे. खून, बलात्कार, दरोडा असे सगळ्यांत गंभीर खटले जिथे चालतात, तिथे आम्ही वकिलीच्या बारमधून आलेली माणसे असतो. नेमणूक विधी व न्याय विभागाची. किमान सात वर्षांची वकिली ही कायद्याची अट. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम 24 होते, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम 18 आहे. आम्हाला पगार नसतो, फी असते. नेमणूक मुदतीची असते आणि मुदत संपल्यावरही माणूस "पुढील आदेशापर्यंत" काम करत राहतो. आमच्यातले पाच जण असेच "पुढील आदेशापर्यंत"वाले होते. तो पुढील आदेश त्या जूनमध्ये आला.

म्हणजे पाच जण आदेशाने गेले. दोघांनी स्वतःहून राजीनामा दिला. त्यांना जुन्या साहेबांनी आणले होते आणि नव्या माणसाच्या हाताखाली आपल्याकडे संशयाने पाहिले जाईल असे त्यांना वाटले. नव्या साहेबांनी तसे एका शब्दानेही सुचवले नव्हते. पण कोणी सुचवण्याची वाट पाहायची कशाला, असे त्यातल्या एकाने मला सांगितले. आठवा उच्च न्यायालयातल्या कामासाठी गेला. तो तसाही जाणारच होता, या बदलाने त्याला निमित्त मिळाले. गळती मोजताना आपण हे आठही जण एका रकान्यात टाकतो. माझ्या मते ते चूक आहे. आदेशाने गेलेल्याला थांबवणे कार्यालयाच्या हातात नसते. भीतीने गेलेल्या दोघांना पहिल्या आठवड्यातल्या एका बैठकीने थांबवता आले असते. ती बैठक झाली, पण चौथ्या आठवड्यात.

वकीलपत्र नसण्याची किंमत

खासगी वकिलीत वकील बदलायचा असेल तर एक साधी रीत आहे. नवा वकील जुन्याकडे जातो आणि वकीलपत्रावर त्याची "ना हरकत" घेतो. ती सही करताना जुना वकील आपली राहिलेली फी मागतो, थोडा कुरकुरतो, मग फाइल काढून देतो आणि देता देता चार गोष्टी सांगतो. हा साक्षीदार ढिला आहे. त्या कागदाची मूळ प्रत पक्षकाराच्या भावाकडे आहे. जज साहेबांना लेखी युक्तिवाद आवडतो. कायद्याच्या दृष्टीने ती सही हा निव्वळ उपचार आहे. पण खटल्याची खरी माहिती एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जाते ती त्या सहीच्या वेळी, चहाच्या टेबलावर.

सरकारी वकिलाला वकीलपत्र लागत नाही. खटल्याची जबाबदारी असलेला सरकारी वकील कोणत्याही लेखी अधिकारपत्राशिवाय उभा राहू शकतो असे कायदा सांगतो. पूर्वी ते कलम 301 होते, आता 338 आहे. तरतूद योग्यच आहे, रोज शंभर प्रकरणांत उभे राहणाऱ्याने कुठे कुठे वकीलपत्र भरायचे? पण त्यामुळे असे झाले की शुक्रवारी एक जण खटला चालवतो आणि सोमवारी दुसरा त्याच टेबलाशी उभा राहतो. मध्ये कोणाची सही नाही, चहा नाही, बोलणे नाही. न्यायालयाच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते, राज्य कालही हजर होते आणि आजही आहे.

शिवाय आमच्याकडे वकील खटल्याला जोडलेला नसतो, कोर्टाला जोडलेला असतो. अमुक नंबरच्या कोर्टात जो बसेल त्याने त्या कोर्टातले सगळे खटले चालवायचे. नवे आठ जण रुजू झाले त्याच दिवशी कोर्टवाटपाचा कागद निघाला आणि सगळ्यांना वाटले की काम मार्गी लागले. मलाही तसेच वाटले होते.

त्यात आमच्याकडे उन्हाळा म्हणजे बदल्यांचा हंगाम. न्यायाधीशांच्या सर्वसाधारण बदल्या याच दिवसांत होतात, पोलिसांच्याही होतात. त्या जूनमध्ये काही कोर्टांत न्यायाधीश नवे, सरकारी वकील नवे, आणि तपास अधिकारी दुसऱ्या ठाण्यात किंवा दुसऱ्या जिल्ह्यात. कोर्टात पोलिसांच्या वतीने खटल्यांचा पाठपुरावा करणारा पैरवीचा शिपाई तेवढा जुना. खटल्याची आठवण ज्यांच्या डोक्यात सलग होती अशी तीनच माणसे त्या खोलीत उरली होती : आरोपी, त्याचा वकील आणि साक्षीदार. फिर्यादी पक्षाच्या बाजूला फक्त कागद होते.

कॉटन मार्केटची बाई

खटला खुनाच्या प्रयत्नाचा होता. पहाटे भाजीचा लिलाव सुरू असताना दोघांत भांडण झाले आणि एकाने दुसऱ्याच्या पोटात चाकू मारला. डोळ्यांनी पाहणारी मुख्य साक्षीदार म्हणजे कॉटन मार्केटला पालेभाजी विकणारी साठीची बाई. एप्रिलमध्ये तिची सरतपासणी, म्हणजे आमच्या बाजूने विचारलेल्या प्रश्नांची साक्ष, झाली. कोर्टाची वेळ संपली म्हणून बचाव पक्षाची उलटतपासणी राहिली आणि मग सुटी लागली. साक्षीदार हजर असतील तर सगळ्यांची साक्ष संपेपर्यंत खटला दररोज चालवावा असे कलम 309 म्हणत होते आणि नव्या संहितेतले कलम 346 ही तेच म्हणते. सरतपासणी आणि उलटतपासणी यांच्यात अंतर पडले की काय होते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये पंजाबच्या विनोद कुमार खटल्यात खेदाने लिहून ठेवले आहे. तिथे हे अंतर वीस महिन्यांचे होते आणि साक्षीदार फितूर झाला होता. आमच्याकडे अंतर दोन महिन्यांचेच होते. बाई फितूर झाली नाही. झाले ते वेगळेच.

जूनच्या तारखेला माझा नवा सहकारी त्या कोर्टात उभा होता. हुशार, मेहनती माणूस. आदल्या रात्री त्याने दोषारोपपत्र, जबाब, पंचनामा, वैद्यकीय दाखला, सगळे वाचले होते. फाइलच्या कडेला जुन्या वकिलांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, त्याही त्याने पाहिल्या. बाईच्या जबाबाच्या पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक छोटा उजवीकडचा बाण काढलेला होता. त्याखाली काही लिहिलेले नव्हते. पुढचे पान पाहा, असा त्याचा अर्थ असेल असे त्याला वाटले.

बचाव पक्षाच्या वकिलांचा आवाज मुळातच खालचा. त्यांनी विचारले, "तुम्ही तिथे पोचलात तेव्हा भांडण मिटलं होतं ना?" बाई म्हणाली, "हो जी." रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत, त्या दिवशी एवढेच आहे की साक्षीदार क्रमांक तीनची उलटतपासणी पूर्ण, फेरतपासणी नाही. कोर्टात लिहून घेतलेल्या जबाबात मात्र ते वाक्य पक्के बसले : मी पोहोचले तेव्हा भांडण मिटलेले होते. ज्या बाईने चाकू पाहिला म्हणून सगळा खटला उभा होता, तिनेच आता सांगितले होते की ती उशिरा आली. सहकारी कार्यालयात परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. "मॅडम, फुटली ती," तो म्हणाला. आम्ही दोघांनी तेच गृहीत धरले. आरोपीकडून कोणी तरी तिच्या दुकानावर जाऊन आले असेल, बाजारात तिला रोज बसायचे आहे, काय करेल बिचारी. अशी कारणे आमच्याजवळ तयारच असतात.

तीन आठवड्यांनी सकाळी मी कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खायला थांबले होते. तिथे आमचे जुने सहकारी भेटले, आदेशाने गेलेल्या पाचांपैकी एक. तो खटला एप्रिलपर्यंत त्यांच्याकडे होता. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर त्यांनी सहज विचारले, "ती कॉटन मार्केटची बाई झाली का? तिच्या उजव्या बाजूला उभं राहायला सांगितलं ना त्याला?"

माझ्या हातातली प्लेट तशीच राहिली. बाईला डाव्या कानाने ऐकूच येत नव्हते. एप्रिलमध्ये ते साक्षीदाराच्या पिंजऱ्याच्या उजव्या अंगाला जाऊन उभे राहिले होते आणि प्रत्येक प्रश्न मोठ्याने विचारत होते. पेन्सिलीचा तो बाण त्याचीच खूण होता. समोरच्याचे ओठ हलताना दिसले आणि शब्द कळले नाहीत की ती "हो जी" म्हणायची. बाजारात गिऱ्हाइकांशी तीस वर्षे तिने तसेच निभावले होते. बचाव पक्षाचे वकील तिच्या डाव्या हाताला उभे होते. एप्रिलचे वकील असते तर ते उठून म्हणाले असते, महाराज, प्रश्न साक्षीदाराला ऐकू आलेला नाही. जूनच्या वकिलाला उठायचे कारणच माहीत नव्हते.

"तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत?" मी विचारले.

"मला कोणी विचारलंच नाही," ते म्हणाले. "एका ओळीचं पत्र आलं. फाइली बाबूंकडे दिल्या आणि घरी गेलो. त्यानंतर कार्यालयातून एकाचाही फोन नाही. तुमचाही नाही मॅडम."

ते खरे होते. मी बारा वेळा त्यांना फोन करायचा विचार केला होता आणि काय बोलायचे ते न सुचल्याने केला नव्हता. ज्याची नेमणूक गेली त्याच्याशी बोलताना आपली राहिली याचा एक अवघडलेपणा असतो. त्या अवघडलेपणापायी एका साक्षीची माती झाली.

एकसष्ट खटले

मी ही गोष्ट नव्या साहेबांना सांगितली. त्यांच्याविषयी इथे थोडे सांगितले पाहिजे, कारण आमच्यातल्या अनेकांनी त्यांना आधीच तोलून टाकले होते. ते बचाव पक्षाचे नावाजलेले वकील होते. आमच्याच काही खटल्यांत ते कालपर्यंत आरोपीच्या बाजूने उभे होते. एकदा एका पक्षकाराचे काम केलेल्या वकिलाने त्याच प्रकरणात समोरच्या पक्षासाठी उभे राहू नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. नव्या साहेबांनी रुजू झाल्या दिवशी, कोणी मागण्याआधी, स्वतःच्या अक्षरात अशा नऊ खटल्यांची यादी करून बाबूंना दिली. या फाइली माझ्या खोलीत आणायच्या नाहीत, त्यावर माझ्याशी कोणी बोलायचे नाही, मॅडम पाहतील, असे त्यावर लिहिले होते. त्या दिवसापासून माझे त्यांच्याविषयीचे मत बदलले.

बाईची हकीकत ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मॅडम, असे आणखी किती असतील?"

आम्ही मोजले. मोठ्या बाबूंनी दोन दिवस नोंदवह्या काढल्या. गेलेल्या आठ जणांच्या कोर्टांत साक्षीपुरावा सुरू होऊन अर्धवट राहिलेले एकसष्ट खटले निघाले. त्यांतल्या सतरा खटल्यांत एखादा साक्षीदार अगदी मधोमध अडकलेला होता, म्हणजे सरतपासणी झालेली आणि उलटतपासणी बाकी, किंवा सरतपासणीच अर्धी. ही मोजणी आदेश आला त्या आठवड्यात करता आली असती. तेव्हा कोर्टाला सुटी होती, बाबू रिकामे होते, गेलेले लोक अजून गेलेले नव्हते. सुटीत बदल झाला हे बरे झाले, असे तेव्हा सगळे म्हणत होते. प्रत्यक्षात सुटीनेच घात केला. जाणारे येणाऱ्यांना एकदाही समोरासमोर भेटले नाहीत.

साहेबांनी एका पानाचे हस्तांतरण पत्रक करायला सांगितले आणि ते काम माझ्याकडे आले. मी पहिला मसुदा केला तो नेहमीच्या सरकारी नमुन्यासारखा झाला : गुन्हा क्रमांक, कलमे, साक्षीदारांची संख्या, मुद्देमाल जमा आहे की नाही. बाबूंनी तो पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, हे सगळं तर फाइलवर आहेच. फाइलवर नाही ते लिहा ना." मग पत्रक उलटे झाले. फाइलमध्ये सापडते ते काहीच त्यात ठेवले नाही. साक्षीदाराचा चालू पत्ता आणि त्याला समन्स खरोखर कोण पोहोचवू शकतो. तो कोणाला घाबरतो. त्याला काय ऐकू येते, दिसते, कळते. कोणता पंच दारू पितो आणि म्हणून त्याला सकाळच्या सत्रातच घ्यावे लागते. कोणत्या साक्षीदाराशी कोणत्या भाषेत बोलावे. तपास अधिकारी आता कुठल्या ठाण्यात आहे. आणि शेवटी, जुन्या वकिलाला या खटल्याची कोणती बाजू कच्ची वाटत होती. हा शेवटचा रकाना भरताना लोक सगळ्यात जास्त कचरत, आणि पुढच्या माणसाला त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. असा कागद चुकूनही समोरच्याच्या हाती लागू नये म्हणून पत्रके फाइलला न लावता बाबूंच्या लोखंडी कपाटात वेगळी ठेवली.

पत्रके भरण्यासाठी गेलेल्या आठ जणांना साहेबांनी स्वतः फोन केले. पाच जण आले. दोन दुपारी त्यांनी नव्या लोकांसोबत बसून एकेक खटला समजावून सांगितला. दोघांनी फोनवर सांगितले आणि मी लिहून घेतले. एकाने नकार दिला. "मला एका ओळीत काढलं, माझी बिलं अजून निघाली नाहीत, आणि आता मी फुकट येऊन शिकवू?" काही सहकाऱ्यांना तो कोता वाटला. मला तसे वाटले नाही. एका दिवसाची फी देता येईल का म्हणून आम्ही लिहून विचारले. पण जो आता सरकारी वकीलच नाही त्याला कोणत्या कामाची फी द्यायची, यासाठी कुठला रकानाच नव्हता. त्याचे चार खटले पत्रकाविनाच राहिले.

दुसरा रस्ता साहेबांनी तपासला तो विशेष सरकारी वकिलाचा. एका विशिष्ट खटल्यापुरते कोणाला नेमायची सोय कायद्यात आहे, पण त्याला दहा वर्षांची वकिली लागते. आमच्या यादीतल्या एका चांगल्या मुलाची आठच झाली होती, म्हणून त्याचे नाव गळले. दुसऱ्यासाठी प्रस्ताव गेला, मंजूर होऊन आला, तोपर्यंत त्या खटल्यातले उरलेले साक्षीदार होऊन गेले होते.

आणि नव्या माणसांनी फक्त गमावलेच, असे लिहिले तर ते खोटे होईल. रुजू झालेल्यांतली एक तरुण वकील पहिल्याच महिन्यात माझ्याकडे तीन फाइली घेऊन आली. तिन्हींत मोबाइलच्या कॉलचे तपशील पुरावा म्हणून लावलेले, पण अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याला जोडायचे प्रमाणपत्रच नव्हते. मूळ उपकरण कोर्टात हजर करत नसाल तर हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात निःसंदिग्ध सांगितले, आणि तेही महाराष्ट्रातलेच प्रकरण. आम्ही जुनी मंडळी त्या फाइली कित्येक तारखांना हातात घेऊन उभे राहिलो होतो. सवयीच्या डोळ्यांना ते दिसले नाही. तिने अर्ज केले आणि प्रमाणपत्रे मागवली. नवे डोळे आले नसते तर ते खटले पुराव्याविना बुडाले असते.

कायदा कोणाचे भांडण सोडवतो

सरकारी वकील बदलण्यावर सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय आहेत. उत्तर प्रदेश सरकारने 1990 मध्ये एका परिपत्रकाने सगळ्या जिल्ह्यांतल्या सरकारी वकिलांच्या नेमणुका एकदमच संपवल्या होत्या. श्रीलेखा विद्यार्थी प्रकरणात न्यायालयाने ते रद्द केले : हे पद सार्वजनिक स्वरूपाचे आहे, इथेही राज्यघटनेतला समानतेचा अनुच्छेद 14 लागू आहे, सरकारला मनमानी करता येणार नाही. पुढे 2004 मध्ये जोहरी मल प्रकरणात तेच न्यायालय म्हणाले की नेमणुकीचे नूतनीकरण हा वकिलाचा हक्क नाही. 2016 मध्ये पंजाबच्या ब्रिजेश्वर सिंग चहल प्रकरणात नेमणुका गुणवत्ता पारखून, पारदर्शक पद्धतीने व्हाव्यात असे सांगितले गेले. तिन्ही निर्णय मी अनेकदा वाचले आहेत आणि तिन्हींचा मला आदर आहे. पण तिन्हींत भांडण आहे ते वकील आणि सरकार यांच्यात. कोणाला ठेवायचे, कोणाला काढायचे, कसे काढायचे. कॉटन मार्केटची बाई त्यांत कुठेच पक्षकार नाही. काढणे कायदेशीर असो की बेकायदा, तिच्या उजव्या बाजूला उभे राहायचे आहे हे पुढच्याला कोणी सांगायचे, याचे उत्तर तिथे मिळत नाही.

अमेरिकेत बहुतेक राज्यांत जिल्ह्याचा मुख्य अभियोक्ता लोकांच्या मतांनी निवडून येतो आणि नव्या माणसाने जुनी माणसे काढणे तिथे उघडपणे होते. फिलाडेल्फियात जानेवारी 2018 मध्ये लॅरी क्रॅस्नर यांनी पद घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात 31 जणांना जायला सांगितले. तिथे मतदाराने नवे धोरण मागितलेले असते, म्हणून त्यासाठी नवी माणसे आणली जातात. आमच्याकडे धोरणाचा प्रश्नच नव्हता. चाकूहल्ल्याचा खटला नव्या साहेबांच्या काळातही तसाच चालवायचा होता जसा जुन्यांच्या काळात. म्हणून आमच्यासारख्या कार्यालयाला हस्तांतर न करण्याची कसलीच सबब नाही, असे माझे ठाम मत आहे.

माझीही एक चूक इथेच सांगते. नऊ वर्षे मी साक्षीदारांविषयीच्या माझ्या सगळ्या नोंदी स्वतःच्या डायऱ्यांत ठेवल्या आणि त्या डायऱ्या घरच्या कपाटात. मला काढले असते तर त्या माझ्यासोबत घरी राहिल्या असत्या आणि मला त्यात काही वावगे वाटले नसते. माझे अक्षर, माझी मेहनत, म्हणून त्या माझ्या, असे मी धरून चालले होते. पत्रके भरून घेताना लक्षात आले की आपण दुसऱ्यांकडे जे मागतो आहोत ते आपण स्वतः कधी दिलेले नाही. त्या पावसाळ्यात दर शनिवारी बसून मी माझ्या चालू खटल्यांची पत्रके भरली. बावीस झाली.

पत्रकाने सगळे सावरले नाही. सतरांपैकी पत्रकाविना राहिलेल्या चारांत एका पंचाचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. दिवाणी बाजूच्या सहकाऱ्यांनी हा प्रकार आपल्याकडे नको म्हणून सांगितले. राजीनामा दिलेल्या दोघांपैकी एकाला साहेबांनी परत बोलावले, तो आला नाही.

बाईसाठी आम्ही साक्षीदार पुन्हा बोलावण्याचा अर्ज केला. तेव्हाचे कलम 311, आता 348. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातून कानाच्या तपासणीचा दाखला आणून जोडला. बचाव पक्षाने हरकत घेतली की सरकार आपली उणीव भरून काढते आहे. न्यायाधीशांनी दाखला पाहिला, जूनचा जबाब पुन्हा वाचला आणि अर्ज मंजूर केला. समोरच्या पक्षालाही पुन्हा उलटतपासणीची मोकळीक दिली, जे योग्यच होते.

तारीख पोळ्यानंतरच्या आठवड्यातली होती. बाई नातवाला घेऊन आली, पदराने घाम पुसत. कोर्टाबाहेर बाकावर बसल्या बसल्या तिने माझ्या सहकाऱ्याला विचारले, "पहिलेचे वकीलसाहेब कुठी गेले जी?" तो तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसला आणि म्हणाला, "त्यांनीच मला पाठवलं आहे मावशी."

पिंजऱ्यात तिला खुर्ची दिली गेली. न्यायाधीशांनी दोन्ही बाजूंना तिच्या उजव्या हाताला येऊन विचारायला सांगितले. बचाव पक्षाच्या वकिलांनी जूनमधला तोच प्रश्न या वेळी मोठ्या आवाजात विचारला.

"मिटलं कुठी जी," ती म्हणाली. "मी गेली तवाच तं त्यानं चाकू काढला."

न्यायाधीशांनी ते वाक्य तिच्याच शब्दांत उतरवून घ्यायला सांगितले. पुढची तारीख पंचाची पडली. संध्याकाळी सहकाऱ्याने बाबूंकडून कपाटाची किल्ली मागून घेतली आणि त्या खटल्याच्या पत्रकात पंचाविषयी दोन ओळी लिहिल्या.